वाचनालयाच्या माडीवर वीसवाला फासा

मागच्या रविवारी, 25 मे 2025 ला, आमच्या खेळाची पहिली मोहीम, म्हणजे बऱ्याच बैठकांत चाललेली एक गोष्ट, संपली. तेरा बैठका, सहा खेळाडू, त्यातला एक डोंबिवलीहून. जागा वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची माडी. हे जुळून यायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि त्यातले पहिले चार महिने तर खेळ सुरू न होताच गेले. त्या दिवसांत कुणीतरी मराठीत 'आधी हे कर, याला घाबरू नकोस' असं सांगणारं हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून मी सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत 1974 मध्ये आणला. एकजण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात आणि आपलं सोंग काय करतं ते बोलून सांगतात. जिथे जमेल की नाही याची खात्री नसते, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपल्या सोंगाचा गुण त्यात मिळवायचा आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला का ते बघायचं. शेवटी कुणी एक जिंकत नाही. पुण्यात नोकरीला असताना मी हा खेळ इंग्रजीतून दोनदा खेळले होते. गावी परत येऊन डीटीपी-झेरॉक्सचं दुकान टाकलं, तरी तो मनातून गेला नाही.

माझा मावसभाऊ दशावतारात काम करतो, एरवी रिक्षा चालवतो. त्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आमचोच धंदो, फकत तोंडाक रंग नाय." दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, कोण कुठे येणार हे पडद्यामागे बोलून घेतात आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या जुळवतात. त्याच्या त्या एका वाक्यावर मी हे सगळं हाती घेतलं.

जून-जुलै 2024: नियम आणि शब्द

पहिली भीती नियमांची होती. महागडी पुस्तकं लागतात अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे ज्याला एसआरडी 5.1 म्हणतात तो दस्तऐवज, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. परवाना सीसी-बाय 4.0 हा आहे. भाषांतर करता येतं, वाटता येतं, फक्त श्रेय द्यायचं आणि आपण बदल केले आहेत हे लिहायचं. श्रेयाचं वाक्य त्याच दस्तऐवजात दिलेलं आहे, तेच उतरवा. सगळे प्राणी त्यात नाहीत (बिहोल्डर, माइंड फ्लेअर यांची माहिती वगळलेली आहे), पण पहिल्या मोहिमेला त्यांची गरजही पडत नाही.

दस्तऐवज चारशेच्या आसपास पानांचा. मी सगळा मराठीत करायला बसले आणि नऊ दिवसांत थकले. मशीनी भाषांतर करून पाहिलं तर 'सेव्हिंग थ्रो'चं, म्हणजे संकटातून निभावायला टाकायच्या फाशाचं, 'बचत फेक' झालं. मग ठरवलं की खेळाडूच्या हातात लागेल तेवढंच करायचं. ते 18 पानांत बसलं. तुम्हीही तिथेच थांबा. बाकीचं सूत्रधाराने इंग्रजीत वाचून तोंडी सांगितलं तरी चालतं.

शब्दांवर मात्र मी भरपूर वेळ घालवला आणि त्याचा मला अजून आनंद आहे. सारीपाटाने निम्मं काम सोपं केलं. फासा टाकल्यावर जे पडतं ते 'दान', नकाशावर सरकते ती 'सोंगटी'. कॅरेक्टर म्हणजे 'सोंग'. सहा गुण झाले शक्ती, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. 'कॉन्स्टिट्यूशन'साठी मी 'प्रकृती' लिहिलं होतं. वहिनीने ते खोडून 'दम' केलं, आणि त्यानंतर कुणाला तो गुण समजावून सांगावा लागला नाही. 'सेव्हिंग थ्रो' म्हणजे 'सावरायचं दान'. दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा त्या 'अ‍ॅडव्हांटेज'ला 'झुकतं माप'. वीस बाजूंच्या फाशाचं नाव कुणी ठरवलंच नाही, सगळे आपसूक 'वीसवाला' म्हणायला लागले.

सोंगाच्या कागदाने, म्हणजे ज्यावर सोंगाचे गुण लिहितात त्याने, मला धंद्यातली असूनही रडवलं. नेटवर भरायचे तयार पीडीएफ मिळतात, पण त्यांच्या चौकटीत देवनागरी टाइप केली की जोडाक्षरं फुटतात. 'शक्ती'तला क वेगळा, त वेगळा, मधे पाय मोडलेला. वेलांटी भलत्याच अक्षरावर. दोन रात्री फॉन्ट बदलत बसले. शेवटी चौकटी रिकाम्या ठेवून कागद स्वतःच मांडला, शीर्षकं मुक्ता फॉन्टमध्ये घेतली आणि बाकी हाताने भरायचं ठरवलं. मग कागद लॅमिनेट केले, पानामागे ₹20. आमच्याकडच्या पावसाळी हवेत साधा कागद दोन बैठकांत लिबलिबित होतो. लॅमिनेशनवर व्हाइटबोर्डच्या पेनाने प्राण (सोंगात किती जीव उरला त्याचा आकडा) कमी-जास्त लिहायचे आणि कापडाने पुसायचे.

जुलै-ऑगस्ट: अर्ज

घरी खेळणं शक्य नव्हतं. सहा माणसं, चार तास, मोठ्याने बोलणं, आणि शेजारच्या खोलीत आजारी सासरे. वाचनालयाची माडी रविवारी दुपारनंतर रिकामी असते. 14 जुलैला मी कार्यवाहांना भेटले. ते निवृत्त शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मी सोबत फाशांचा संच नेला होता. त्यांनी तो बघितला आणि पहिलाच प्रश्न केला, "फासे म्हटल्यार जुगार नाय?"

त्यांची काळजी खरी होती. वाचनालय 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त, 'ब' वर्गाचं. अनुदान वर्गावर ठरतं आणि तपासणी होत असते. वाचनालयात फासे खेळतात अशी गावात कुजबुज झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार. त्यांनी लेखी अर्ज मागितला आणि तो कमिटीच्या मासिक सभेपुढे ठेवतो म्हणाले.

पहिला अर्ज मी एका पानाचा केला. 'मनोरंजनात्मक उपक्रम' असं मोघम लिहिलं. 28 जुलैच्या सभेत तो 'अधिक माहिती मागवावी' म्हणून परत आला. महिना गेला. दुसरा अर्ज नीट लिहिला: खेळ काय आहे, किती माणसं, कोणते रविवार, वेळ 4 ते 8, किल्ली कोण घेणार आणि कोण परत करणार, वीज आणि झाडलोट यासाठी बैठकीमागे ₹100 देणगी. 'पैसे किंवा पैज लावली जाणार नाही' हे हमीपत्र वेगळं जोडलं. आणि फासे हा शब्द लपवला नाही. सभेत मला बोलावलं तेव्हा मी दहा मिनिटं खेळून दाखवलं. खजिनदारांना विचारलं, "तुम्ही खाडीच्या तोंडाशी उभे आहात, होडी सुटली आहे, काय कराल?" ते म्हणाले, "हाक मारीन." मी फासा दिला. सतरा पडले. मी म्हटलं, होडीवाल्याने वळून पाहिलं. ते पुढे काय होतं ते विचारायला लागले. कमिटीत एक वकील आहेत. त्यांनी सांगितलं की पैज नाही, पैसा फिरत नाही, तर जुगार प्रतिबंधक कायद्याचा संबंध येत नाही. 25 ऑगस्टला ठराव झाला. परवानगी 1 ऑक्टोबर 2024 ते 31 मे 2025.

दुसऱ्या कुणाला असा अर्ज करायचा असेल तर एक सांगते. कागदावर समजावत बसू नका, सभेत दहा मिनिटं मागून घ्या.

ऑगस्ट-सप्टेंबर: फायबर

डोंबिवलीचा मित्र माझा शाळासोबती. तो नसेल तर मला खेळायचंच नव्हतं. माडीवर मोबाइलला एक दांडी येते, तीही खिडकीत. वाचनालयाला स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी नेट हवंच होतं, म्हणून कमिटीने फायबर जोडणी वाचनालयाच्या नावे घ्यायला मान्यता दिली आणि धावपळ माझ्यावर सोपवली. महिन्याचे जीएसटीसह ₹471, त्यातले निम्मे आमच्या गटाचे.

संस्थेच्या नावे जोडणी म्हणजे कागद जास्त. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, कमिटीच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, कार्यवाहांचं आधार आणि फोटो. त्यासाठीचा ठराव लवकर हवा म्हणून गुरुजींनी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात तातडीची सभा बोलावली. 5 ऑगस्टला अर्ज भरला. आठ दिवसांनी परत, कारण पॅनवर आणि नोंदणी प्रमाणपत्रावर 'वाचनालय'चं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. गुरुजींनी 'दोन्ही संस्था एकच' असं लेटरहेडवर लिहून दिलं, ते चाललं. मग गणपती आले. मग खांबावरून केबल ओढायला माणूस नव्हता. दोनदा तक्रार नोंदवली, दोन्ही वेळा कुणी न येताच 'तक्रार निवारण झाले' असा मेसेज आला. तिसऱ्या वेळी मी तक्रार क्रमांक लिहून घेऊन थेट त्यांच्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन बसले. 21 सप्टेंबरला राउटरचा दिवा हिरवा झाला. 47 दिवस. मी माडीवर एकटी होते आणि मला रडू आलं.

वीज जाते तेव्हा राउटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस घेतला, ₹1,450. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. आमचा 12 व्होल्ट, 1.5 अँपिअरचा होता. दुकानदाराने आधी 9 व्होल्टचा पुढे केला होता. आमच्या गटातला इलेक्ट्रिशियन मुलगा सोबत होता म्हणून निभावलं.

सप्टेंबर: काय नको ते आधी

गौरी गेल्यावर, मित्र गावी होता तेव्हाच, आम्ही सहाही जण आणि मी घरच्या ओटीवर बसलो. खेळायला नाही, ठरवायला. या छंदात याला 'सेशन झीरो' म्हणतात. गोष्टीत काय अजिबात नको आणि काय नुसतं सूचित करून पुढे जायचं, हे प्रत्येकाने सांगायचं. मला वाटलं होतं आपली माणसं यावर बोलणार नाहीत. वहिनी म्हणाली, मूल दगावण्याचा प्रसंग नको. कुणीही कारण विचारलं नाही. बँकेतल्या मैत्रिणीने साप नको म्हटलं.

सगळ्यात लांब चर्चा देवांवर झाली. माझ्या मनात गोष्टीत एक वेताळ होता. मावसभाऊ थांबला आणि म्हणाला, आरवलीचा वेतोबा आपला देव आहे, लोक त्याला चपला वाहतात, त्याच्याशी फासे टाकून लढायचं नाही. मला ते लगेच पटलं. ग्रामदेवता, देवचार, राखणदार सगळे बाहेर ठेवले. गिऱ्हा तेवढा ठेवला, खाडीतलं भूत म्हणून. परदेशातले ड्रॅगनही काढले. आमच्या भुयारात शेवटी होता तो खारट पाण्याने गंजत चाललेला एक जुना किल्लेदार.

ऑक्टोबर: पहिली बैठक

फाशांचे दोन संच मागवले होते, ₹399 ला एक. मावसभाऊ फोनवरच्या फाशावर विश्वास ठेवायला तयार नव्हता आणि आलेल्या फाशांवरही नाही. म्हणून आम्ही ते मिठाच्या पाण्यात तरंगवले. पेलाभर कोमट पाण्यात शिरोड्याचं जाडं मीठ, विरायचं थांबेपर्यंत. प्लास्टिकचा फासा त्यात तरंगतो. बोटाने ढकलून फिरवायचा आणि वर कोणता आकडा येतो ते बघायचं. दर वेळी वेगळा आला तर ठीक. आमचा एक वीसवाला सातत्याने 4 आणि त्याच्या आसपासचेच आकडे दाखवत राहिला, तो बाजूला काढला. धातूचे फासे असे तपासता येत नाहीत, ते बुडतात.

6 ऑक्टोबर, रविवार. चार वाजता फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टेबलाकडे वळवला, डोंबिवली जोडली. व्हिडिओ फक्त आमच्या बाजूने, त्याच्याकडून नुसता आवाज. नेट कमी पडलं की आधी चित्र अडखळतं, आवाज टिकला की खेळ टिकतो. चार्टपेपरवर एक इंचाचे चौकोन आखले होते, एक चौकोन पाच फुटांचा. सोंगट्या म्हणजे काजूच्या बिया, आणि पुतणीची सावंतवाडीची लाकडी फळं. लाकडी सीताफळ राक्षस झालं.

मी पहिलं वर्णन वाचलं. संध्याकाळ, बंदर, भरतीची वेळ, धक्क्यावर बेवारस पेटारा. मग विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि सगळे गप्प. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझे हात गार पडले. तेव्हा मावसभाऊ सावकाश उठून उभा राहिला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि थेट आपल्या सोंगाच्या आवाजात बोलला, "पेटारो कोणाचो ता माका ठावक आसा. पण आदी सांगा, तुमी कोण?" वहिनीने उत्तर दिलं. तिने या आधी कधी नाटकात काम केलेलं नाही. पुढचे तीन तास मला हातातल्या कागदाकडे बघावं लागलं नाही.

तिसरी बैठक वाईट गेली. पहिल्या दोन चांगल्या गेल्या म्हणून मी 11 पानांची तयारी केली आणि सगळ्यांना त्याच वाटेने नेत राहिले. मैत्रीण साडेसहाला निघून गेली. घरी गेल्यावर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही काही केलं काय आणि न केलं काय, सारखंच होतं." त्यानंतर मी बैठकीमागे एकच पान लिहिलं: कोण कोण आहे, त्यांना काय हवं आहे, आणि कुणी काहीच केलं नाही तर काय घडेल.

नोव्हेंबर ते एप्रिल: जत्रा

त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या आणि मावसभाऊ रात्ररात्र बाहेर. रविवार जुळेनात. दोन महिन्यांत दोनच बैठका झाल्या. गट मोडणार असं मला वाटलं. पुतणीने मार्ग काढला. सामायिक कॅलेंडरवर तिने आधी जत्रांच्या तारखा भरल्या आणि उरलेल्या रविवारांना रंग दिला. चार खेळाडू आले की बैठक होणार असा नियम केला. जो नसेल त्याचं सोंग गावात थांबतं. बैठक संपली की पुतणी फोनवर मराठीत बोलून टाइप करून गोषवारा टाकायची. बोललेलं बहुतेक बरोबर उमटतं, विशेषनामं तेवढी हाताने सुधारावी लागतात.

फेब्रुवारीत सगळ्यांचे प्राण, सामान, नाणी लिहिलेला सामायिक तक्ता कुणाच्या तरी हातून पुसला गेला. मी हादरले. पण गूगल शीट्समध्ये आवृत्ती इतिहास असतो, तिथून आदल्या दिवशीचा तक्ता पाच मिनिटांत परत आला. तेव्हापासून तक्त्यात फक्त मी लिहिते, बाकीचे बघतात, आणि दर महिन्याला एक छापील प्रत पेटीत.

मे 2025

शेवटची बैठक 25 मे ला ठरली कारण परवानगी 31 ला संपत होती. तळकोकणात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. या वर्षी 20 तारखेपासूनच कोसळत होता आणि हवामान खात्याने मान्सून आल्याचं जाहीर केलं तेही त्याच रविवारी. सगळे भिजून आले. पाचला वीज गेली. यूपीएसवर राउटर चालू होता, पण साडेपाचच्या सुमाराला बाहेरची लाइनच तुटली. हिरवा दिवा लाल झाला.

मित्राने साधा फोन लावला. खिडकीतल्या एका दांडीवर आवाज येत होता. फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, चार्जिंग 19 टक्के. मेणबत्त्या गुरुजींच्या टेबलातून. नकाशा दिसेना, तेव्हा तो गुंडाळून ठेवला आणि नुसतं बोलून खेळलो.

किल्लेदाराचे थोडे प्राण उरले होते आणि आमच्या बाजूला उभा होता तो फक्त मित्राचा नावाडी. बाकीचे कोसळलेले. मैत्रिणीच्या सोंगाने पडता पडता किल्लेदाराचा पाय धरला होता, म्हणून मी झुकतं माप दिलं. लागणार होते सतरा किंवा त्याहून जास्त. पुतणी कुजबुजली, "एका फाशाने शेकडा वीस, दोन फाशांनी शेकडा छत्तीस." त्याच्याकडचे फासे आम्हाला दिसणार नव्हते. तो म्हणाला, "थांबा, ताट आणतो." त्याने फोन स्टीलच्या ताटाजवळ ठेवला. पाऊस पत्र्यावर वाजत होता, तरी दोन फासे ताटात घरंगळत गेलेले आम्हाला स्वच्छ ऐकू आले. एक आधी थांबला. दुसरा कडेला लागून बराच वेळ फिरला.

"नऊ," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "आणि अठरा."

वहिनी इतक्या जोरात ओरडली की खालून गुरुजी टॉर्च घेऊन वर आले. त्यांना काय झालं ते सांगायला आम्हाला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येकजण आपापल्या सोंगाच्या बाजूने सांगत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेणबत्त्या मोजून परत टेबलात ठेवल्या आणि रजिस्टर पुढे केलं. मी बाहेर पडण्याची वेळ लिहिली, 8.25.

नूतनीकरणाचा अर्ज काल दिला. जूनच्या सभेत येईल. खेळाडूंच्या संख्येपुढे या वेळी 9 लिहिले आहेत. त्यातले एक खजिनदार.